कात्रीबाईचा हेवा

शर्टांच्या त्या कारखान्यात शिकाऊ मुलींसाठी एक लांबट खोली होती. दोन्ही बाजूंना खिडक्या, मधे शिलाई मशीनच्या रांगा आणि समोरच्या टोकाला एक उंच लाकडी टेबल. त्या टेबलापाशी जी बाई उभी असायची तिची ही हकीकत. तिचं नाव हजेरीवर होतं, पण तोंडात कुणाच्या नव्हतं. मुली तिला कात्रीबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

नवी मुलगी आली की कात्रीबाई तिला आधी दोरा देत नसे. कापडही देत नसे. आखलेला कागद द्यायची. मशीनच्या रिकाम्या सुईनं त्या रेघेवरून भोकं पाडत जायचं, कोपऱ्यावर सुई कागदात रुतलेली ठेवून कागद वळवायचा, पुन्हा पुढे. कागद संपला की ती तो खिडकीच्या उजेडाला धरायची. रेघेवरून बारीक चांदण्यांची ओळ गेली असेल तर दुसरा कागद. एक जरी चांदणी भरकटली तर कात्रीची मूठ टेबलावर आपटायची. टक्. टक् म्हणजे थांबा. बोलायचं नाही, कारण सांगायचं नाही, नुसतं थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

अशा तिनं किती मुली तयार केल्या असतील! दुसऱ्या कारखान्यात गेलेल्या मुलीची कॉलर बघूनही लोक म्हणत, ही कात्रीबाईच्या हाताखालची. त्या खोलीत तिचं राज्य होतं. आणि राज्य असलेल्या माणसाला हेवा म्हणजे काय ते माहीत नसतं. तिला तो धाकट्या जावेनं शिकवला.

धाकटी म्हणजे तिच्या धाकट्या दिराची बायको. दोघींचं एकच घर, एकच स्वयंपाकघर, आणि कारखानाही एकच. धाकटीला मशीनवर पहिल्यांदा बसवलं तेही कात्रीबाईनंच. हात बेताचे होते. शिलाई सरळ यायची, पण तिच्यात देखणेपण नव्हतं. देखणेपण सगळं तिच्या जिभेवर होतं. जेवताना ताटात मीठ कमी पडलं तर ती मिठाच्या बरणीशी असं भांडायची की कात्रीबाईचा नवरा हसता हसता ठसकायचा. हाच माणूस लग्नापासून गंभीर म्हणून प्रसिद्ध. कात्रीबाई पाण्याचा तांब्या पुढे सरकवायची आणि मनात म्हणायची, माझ्या बोलण्याला हा कधी असा ठसकला नाही.

संध्याकाळी धाकटी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात जायची. तिथं एक मंडळ होतं. त्यांची नाटकं लिहिलेली नसत. बघणाऱ्यांपैकी कुणी एक शब्द ओरडायचा आणि ते त्या शब्दावर तिथल्या तिथं नाटक उभं करायचे. धाकटी त्याला इम्प्रोव्ह म्हणायची.

"म्हणजे पाठच करायचं नाही?" कात्रीबाईनं एकदा कांदा चिरताना विचारलं.

"नाही ना जाऊबाई. एकच नियम. समोरच्यानं जे दिलं त्याला हो म्हणायचं आणि त्यात आपलं काहीतरी घालायचं. हो, आणि..."

"मी म्हटलं तुझ्या डोक्यावर हत्ती बसलाय, तर?"

"हो, आणि तो म्हणतोय जाऊबाईंनी कांदा फार जाड चिरलाय."

दिवाणावर बसलेला नवरा खदखदला. कात्रीबाईनं पुढचा कांदा इतका बारीक चिरला की तो दिसेनासा झाला.

एवढ्यावर राहिलं असतं तर घरातलं घरात राहिलं असतं. पण कारखान्यात नव्या मुली टिकत नव्हत्या. आठवडा काढायच्या आणि निघून जायच्या. मोठे साहेब एकदा त्या मंडळाचं नाटक बघून आले आणि दुसऱ्या दिवशी धाकटीला बोलावून म्हणाले, "तुमचे ते खेळ मुलींना शिकवा. एक तुकडी तुम्ही घ्या, एक थोरल्या बाई घेतील."

म्हणजे खोलीच्या मधोमध फळीची भिंत आली. पलीकडून आधी हसणं ऐकू यायला लागलं.

कात्रीबाई फळीच्या फटीतून बघायची. कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, हातात कागद धरून बघायची. तिकडे मुली गोल उभ्या राहून एकमेकींकडे न दिसणारा चेंडू फेकत. एक हात हलवायची, समोरची तिचा आरसा होऊन तसाच हात हलवायची. मग चालता चालता एक थांबली की सगळ्यांनी थांबायचं, कुणी सांगायचं नाही, फक्त नजर ठेवायची. मशीनला हात लावायच्या आधी एवढं सगळं. "वेळेचा नुसता चुराडा," कात्रीबाई पुटपुटायची आणि उद्याच्या खेळाची वाटही बघायची.

त्या तुकडीत एक मुलगी होती जिला ऐकू येत नव्हतं. रोज निळा रुमाल बांधून यायची म्हणून तिला सगळ्या निळी म्हणत. निळी आधी कात्रीबाईकडेच होती. कात्रीचा टक् तिला ऐकूच यायचा नाही. सगळ्या थांबायच्या, ही मान खाली घालून भोकं पाडत पुढे जायची. कात्रीबाई टेबलावरून तिच्यापर्यंत चालत जायची, खांद्यावर हात ठेवायची, तेव्हा ती दचकायची आणि कागद फाटायचा. शेवटी कात्रीबाईनं साहेबांना सांगितलं होतं, "पोरगी गुणाची आहे, पण हे काम तिला व्हायचं नाही." धाकटीनं तिला मागून घेतलं.

आणि एका सकाळी फटीतून कात्रीबाईनं पाहिलं, निळी कापडावर शिवत होती. शेजारची मुलगी थांबली तशी निळी थांबली. शेजारचीनं सुरू केलं तसं निळीनं केलं. दोघींना एकमेकींकडे बघायची सवयच लागली होती. निळीची शिलाई सरळ तर होतीच, देखणीही होती. असला हात हजारात एखादीचा. कात्रीबाईला आनंद व्हायला हवा होता. तिनं मात्र जळून हातातला कागद चुरगळला. हा हात माझ्या समोर होता आणि मला दिसला नाही. दिसला कुणाला? जिला स्वतःला धड बाही लावता येत नाही, तिला.

त्या आठवड्यात ती कुणाला न सांगता वाचनालयाचा जिना चढली. सभागृहात शेवटच्या खुर्चीवर बसली. मनात एकच इच्छा होती, धाकटी चुकावी. आणि ती इच्छा पुरी झाली. कुणीतरी शब्द दिला, "दार." धाकटी पुढे आली, हात पुढे केला, तोंड उघडलं आणि काहीच सुचलं नाही. कात्रीबाईच्या अंगावर सुखाचा काटा आला. आता हिला कळेल.

धाकटीनं दोन्ही हात वर केले आणि मोठ्यांदा म्हणाली, "चुकले!" आणि कमरेत वाकून नमस्कार केला. सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. मंडळातले लोक तर उड्या मारत होते. म्हणे चुकल्यावर असंच करायचं असतं, म्हणजे पुढची उडी घ्यायला भीती वाटत नाही.

कात्रीबाई जिना उतरली. ती शिकत होती तेव्हा तिच्या मास्तरानं एक वाकडी शिलाई सगळ्या रांगेत फिरवून दाखवली होती. तिनं ती रडत उसवली होती. चुकीबद्दल तिच्यासाठी आयुष्यात कधी कुणी टाळी वाजवली नव्हती. आणि ही चुकून टाळ्या घेते! घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "कुठं गेली होतीस?" ती म्हणाली, "दोरा आणायला." हातात दोरा नव्हता, पण त्यानं पुढे विचारलं नाही.

पुढे साहेबांनी जाहीर केलं की नव्या इमारतीत शिकवणीची मोठी खोली होणार आणि तिथं मुख्य बाई एकच राहणार. दोन्ही तुकड्यांनी खऱ्या मागणीतले शर्ट शिवायचे. ज्या तुकडीचं काम चांगलं, तिच्या बाईची खोली. आपल्याच मुलींना कुणी खाणाखुणा करू नयेत म्हणून कात्रीबाईनं धाकटीच्या तुकडीवर लक्ष ठेवायचं आणि धाकटीनं कात्रीबाईच्या.

त्या दिवशी कात्रीबाई धाकटीच्या वर्गात, दुसरीच्या टेबलापाशी उभी राहिली. कटिंग विभागातून गठ्ठे आले होते. फिकट हिरवं कापड, त्यावर बारीक पानं छापलेली. तिनं पहिल्या गठ्ठ्याची नाडी सोडली. पुढच्या भागावर पानांची टोकं वर. पाठीचा भाग उचलला. टोकं खाली. दुसरा गठ्ठा पाहिला, तसाच. कापताना कुणीतरी कापडाचा थर उलटा टाकला होता. शर्ट शिवून झाला की समोरून पानं उगवलेली दिसणार आणि मागून गळून पडलेली.

एरवी तिनं क्षणही लावला नसता. टक्. परत पाठवा. गठ्ठा परत पाठवण्यात तिच्यासारखी बाई साऱ्या कारखान्यात नव्हती. कात्री हातातच होती. तिनं ती टेबलावर हळूच ठेवली, आवाज न करता. आणि गठ्ठा पहिल्या मुलीपुढे सरकवला.

पहिल्या मुलीनं पाठीचा तुकडा हातात घेतला, पानांकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली. मग खांदा जोडला आणि पुढे दिला. दुसरीनं पहिलीकडे पाहिलं, पहिलीनं खांदे उडवले, दुसरीनं कॉलर लावली. तिसरीनं बाह्या. कुणी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. समोरचीनं दिलेलं घ्यायचं, आपलं घालायचं, पुढे द्यायचं. मशीन झकास चालली होती. हात हलत होते, हसू होतं, आणि टेबलावर उलट्या पानांच्या शर्टांचा ढीग वाढत होता.

कात्रीबाई खिडकीपाशी उभी राहून तो ढीग बघत होती. बाहेर ट्रकमध्ये खोकी चढत होती, ती तिला दिसत नव्हती. नवी खोली तिला दिसत होती, मोठी, उजेडाची, फळीची भिंत नसलेली. मनात ती धाकटीशी बोलत होती, "घे, म्हण आता हो. घाल आणखी काहीतरी."

बाजूची शिलाई निळीकडे होती. तिथं पुढचा भाग आणि पाठ एकमेकांना कडेला कड लावून येतात. निळीनं कडा जुळवल्या. एका बाजूची पानं वर चढत होती, दुसऱ्या बाजूची खाली उतरत होती. तिनं शर्ट उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. पायडलवरचा पाय काढला आणि दोन्ही तळवे वर केले.

शेजारची थांबली. तिच्या शेजारची थांबली. एकेक मशीन गप्प होत गेली आणि खोलीत अशी शांतता पसरली की पंख्याचं कुरकुरणं ऐकू यायला लागलं. कुणी काही बोललं नव्हतं.

निळी शर्ट घेऊन टेबलापाशी आली. एक बोट वर केलं, एक खाली. कळलं? कात्रीबाईनं मान हलवली, हो. मग निळीनं जे केलं ते कात्रीबाई जन्मभर विसरली नाही. तिनं दोन बोटं कात्रीबाईच्या डोळ्यांकडे रोखली, मग सुटलेल्या नाडीकडे, मग टेबलावर आडव्या ठेवलेल्या कात्रीकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता प्रश्न होता. ऐकू न येणारी मुलगी दिवसभर चेहरे वाचते. गठ्ठा सोडताना कात्रीबाईच्या भुवया वर गेल्या, हे तिनं पाहिलं होतं.

"मशीन का थांबली?" म्हणत धाकटी पलीकडून आली. तिच्या हातात तुटलेली सुई होती. "जाऊबाई, तुमच्यातल्या एकीची सुई मोडली, तर पोरगी घाबरून तशीच बसून राहिलेली. मी बदलून..." ती बोलता बोलता थांबली. तिनं शर्ट पाहिला, निळीची अजून रोखलेली बोटं पाहिली, आणि जावेचं तोंड पाहिलं. तिला सगळं समजलं. मशीन थांबल्याचं साहेबांच्या कानावर गेलंच.

साहेबांच्या खोलीत दोघी उभ्या राहिल्या. टेबलावर तो शर्ट पसरलेला.

"चूक कटिंगची, ते मी बघतो," साहेब म्हणाले. "पण गठ्ठा सोडला कुणी?"

"मी," कात्रीबाई म्हणाली.

"तुम्ही? थोरल्या बाई, तुमच्या नजरेतून हे सुटलं?"

कात्रीबाईनं तोंड उघडायच्या आत धाकटी बोलली. "सुटलं कसलं साहेब, त्यांनी पाहिलं ना! आणि मुद्दाम पुढे दिलं. आमचं आधीच बोलणं झालं होतं. मुली दिलेलं घ्यायला शिकल्या, आता नको ते थांबवतात का ते बघायचं. कल्पना जाऊबाईंचीच. आणि बघा, एक मुलगी पास झाली."

इतकं सफाईनं, इतकं हसत. कुठं अडखळली नाही. साहेबांचा चेहरा उजळला.

"अरे वा! असा विचार मला नाही सुचला. मग तर प्रश्नच मिटला. ज्यांना एवढं पुढचं दिसतं त्यांच्याकडेच खोली..."

नवी खोली कात्रीबाईच्या ओंजळीत येऊन पडली होती. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात तर तिनं आयुष्य काढलेलं. तिनं शेजारी पाहिलं. धाकटी तिच्याकडे बघून किंचित मान हलवत होती, घ्या ना. आणि त्या मान हलवण्यानं कात्रीबाईच्या अंगाची जी आग झाली ती फटीतून बघतानाही झाली नव्हती. हसवण्यात ही पुढे, शिकवण्यात ही पुढे, आणि आता क्षमा करण्यातही हीच पुढे! आणि मी हिच्या उपकाराच्या खोलीत टेबलाशी उभी राहू?

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"कल्पना-बिल्पना काही नव्हती. मी पाहिलं होतं आणि गप्प बसले. हिच्या मुली पडाव्यात म्हणून."

साहेबांनी शर्टाची घडी घातली. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. खोली धाकट्या बाईंकडे. तुम्ही उद्यापासून तपासणीच्या टेबलावर." कात्रीबाईनं मान डोलावली. बाहेर पडताना तिनं एक गोष्ट मात्र नीट पाहून घेतली. जिला हत्तीपासून मिठाच्या बरणीपर्यंत सगळ्यावर उत्तर असायचं, तिला या घडीला एक शब्द सुचत नव्हता. एवढं तरी पदरात पडलं.

दोघी घरी चालत निघाल्या. बंद दुकानांच्या, सायकलींच्या, खिडक्यांत वाळत घातलेल्या कपड्यांच्या रस्त्यानं.

"मी किती छान सांभाळलं होतं," धाकटी चौकात म्हणाली.

"म्हणूनच."

"म्हणूनच काय? खोली तुमची होती जाऊबाई."

"तुझी होती. तू मला देत होतीस. मला दिलेलं नको होतं."

"तुम्हाला कुणाचंच नको असतं." धाकटीचा आवाज पहिल्यांदा वाकडा गेला. "तुम्ही नुसतं टक् केलं की बायका श्वास रोखून धरतात. आज माझ्या मुली उलटी पानं शिवत बसल्या. माझ्या मुली! एकीलाही वाटलं नाही की थांबावं. तुमच्या हाताखाली असत्या तर पहिल्या पानावर थांबल्या असत्या. मी काहीही सांगितलं की लोक हसतात. मला कधी कुणी घाबरलंय? घरी पाहुणे आले की विचारतात, थोरल्या कुठं आहेत? मला म्हणतात, काहीतरी गंमत सांग. लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्याकडे बघून जळतेय मी."

कात्रीबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून आलेल्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली. धाकटीनं तिला दंडाला धरून कडेला ओढलं.

"परत बोल," कात्रीबाई म्हणाली.

"काय?"

"ते शेवटचं."

"एकदा बोलले ना."

"मला नीट ऐकू नाही आलं."

"खोटं. तुम्हाला सुई पडलेली ऐकू येते."

"तरी बोल."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. ही बाई खोली घालवून आली होती, उद्यापासून तिला दिवसभर दुसऱ्यांचे शर्ट उलटेपालटे करत बसायचं होतं, आणि तरी तिच्या तोंडावर लहान मुलीसारखी हाव होती.

"जळते," धाकटी म्हणाली. "तुमच्यावर. झालं समाधान?"

"किती दिवसांपासून म्हणालीस?"

"जाऊबाई!"

"नाही, सावकाश सांग. घर अजून लांब आहे."

आणि घर येईपर्यंत धाकटीला ते सगळं सांगावं लागलं, पहिल्या दिवसापासून, कुठं कुठं, कशावरून. कात्रीबाई मधे एक शब्द बोलली नाही. फक्त एखाद्या ठिकाणी धाकटी घाई करून पुढे गेली की ती पाय थांबवायची, आणि धाकटीला मागे येऊन तेवढा भाग पुन्हा सांगावा लागायचा.